माळवदावर माती कोण टाकतं? घरी परतण्याच्या साहित्याविषयी

'वडिलोपार्जित घर आणि मराठी साहित्य' असा आजचा विषय जाहीर झालेला आहे. विषय मोठा आहे, तासाभरात पुरा होणारा नाही. म्हणून त्यातला एकच प्रसंग आम्ही निवडला आहे. गाव सोडून गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो. मोटारीतून उतरतो, ढाळजेत शिरतो, उंबऱ्यापाशी थांबतो आणि वर बघतो. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. लहानपण आठवणार, आईच्या हातची भाकरी आठवणार, पडलेली भिंत दिसणार.

या प्रसंगावरची समीक्षाही आपल्याला पाठ झाली आहे. वाडा पडला म्हणजे जुनी व्यवस्था पडली, नाती विरली, मूल्यं ढासळली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे लिहिलं की गुण मिळतात. आमच्यातल्या अनेकांनी वर्गात हेच शिकवलं आहे, त्यामुळे दोष द्यायचा तर आधी स्वतःला द्यावा लागेल. हे वाचन खोटं नाही, पण अर्धं आहे. घर पडलं कसं याचा विचार आपण भरपूर केला. ते इतकी वर्षं उभं राहिलं कसं, हे मात्र फारसं विचारलं नाही.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी काहींना माळवद माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. आपल्याकडे जिंतूर, पाथरी, पूर्णा, गंगाखेड या भागात जुन्या घरांचं छप्पर सपाट मातीचं असायचं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचं मोजमाप खणांवर. अमक्याचं दहा खणांचं, तमक्याचं बारा खणांचं. उन्हाळ्यात आत गारवा. मात्र माळवदाची एक अट असते. ते आपलं आपण टिकत नाही. दर उन्हाळ्यात, मृग लागायच्या आत, त्यावर नवी पांढरी माती टाकून दाबून घ्यावी लागते. पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटावं लागतं, नाहीतर मुळं खाली शिरतात आणि पाणी त्याच वाटेनं आत येतं. पन्हाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. झडीच्या दिवसांत कुठं थेंब पडला की कुणीतरी वर चढून ती जागा बुजवावी लागते. दोन-तीन पावसाळे हे झालं नाही तर तुळई कुजते. एक तुळई गेली की खण बसतो.

म्हणजे माळवदाच्या घराला राहणारं माणूस लागतं. बाहेरून पाठवलेल्या पैशानं माती विकत घेता येईल, पण रात्री दोन वाजता थेंब कुठं पडतोय हे ऐकायला कुणीतरी घरात झोपलेलं असावं लागतं. म्हणून परतण्याच्या प्रत्येक कलाकृतीला एक साधा प्रश्न विचारून बघू या. या घराच्या माळवदावर माती कोण टाकतं? आणि लेखकाला ते दिसलं आहे का?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. आमचं स्वतःचं घर पूर्णा नदीच्या बाजूला आहे. आम्ही भाऊ नोकऱ्यांनी पांगलो. थोरले बंधू गेल्यावर त्या घरात वहिनी एकट्या राहिल्या. आम्ही दिवाळीला जायचो, दरवाजाचे, देवळीचे, बळदाचे फोटो काढायचो आणि गावाकडच्या घरावर छानसं काही लिहायचो. एका वर्षी निघायच्या आधी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, येताना एक ताडपत्री घेऊन या. माळवद लई गळायलंय. फोटो तर तुम्ही मागच्या सालीबी काढले." आम्ही गेलो, ताडपत्री विसरून. वहिनी काही बोलल्या नाहीत. चहा झाला. रात्री पाऊस आला तेव्हा त्यांनी घरातली सगळी भांडी ओळीनं मांडली, आणि कुठलं भांडं कुठं ठेवायचं हे त्यांना अंधारातही माहीत होतं. तेव्हापासून परतण्याच्या गोष्टी आम्ही वेगळ्या वाचू लागलो.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घेऊ. १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आलं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारले आहेत. मुंबईहून धाकटा मुलगा सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन येतो. वाड्यात थोरला भास्कर आहे, वहिनी आहेत, आई आहे, अंथरुणाला खिळलेली दादी आहे, लग्न न झालेली बहीण प्रभा आहे आणि चंदू आहे. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे.

ट्रॅक्टरवर आपण पानंच्या पानं लिहिली. तो म्हणजे फसलेली आधुनिकता, न पेललेला बदल, सरंजामी घराची थट्टा. सगळं बरोबर. पण नाटकात तो ट्रॅक्टर लागतो कुणाला? चंदूला. त्याच्या पायाला जखम होते आणि ती चिघळते. चंदू म्हणजे घरात भाऊ असून गड्यासारखा राबणारा माणूस. आणा, उचला, पोचवा, हे सगळं त्याच्याकडे. अंधारात अंगणातून तोच ये-जा करतो, म्हणून लोखंड त्यालाच लागतं. एलकुंचवारांनी हे दाखवलं आहे. प्रतीकाचा अर्थ लावताना पाय कुणाचा होता हे आमच्यासारख्या वाचकांच्या लक्षातून गेलं.

इथं एक सावधगिरी हवी. राहिलेली सगळी माणसं एका मापाची नसतात. भास्करही राहिलेलाच आहे, पण त्याच्याकडे थोरलेपण आहे, निर्णय आहे. चंदूकडे फक्त काम आहे. वहिनी एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालतात. तो प्रसंग बघताना प्रेक्षक थोडा हसतो, थोडा घाबरतो. आम्हाला वाटतं, त्या बाईनं इतक्या वर्षांच्या कष्टांचा मोबदला त्या एका रात्रीपुरता अंगावर घेऊन बघितलेला आहे. पुढे ते दागिने घेऊन त्यांचीच मुलगी रंजू पळून जाते. तेवढाही मोबदला हातात राहत नाही.

आणि प्रभा. तिला शिकायचं होतं. तात्याजींनी शिकू दिलं नाही. सुधीर जाऊ शकला म्हणून त्याला परतता येतं. जी गेलीच नाही ती परतणार कुठून? परतणं ही आपण हळवी गोष्ट मानतो, पण त्याच्या आधी जाण्याची परवानगी लागते.

एलकुंचवारांनी ही गोष्ट पुढे दोन नाटकांत नेली. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'. तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ साली 'आविष्कार'तर्फे केला. शेवटच्या नाटकात परदेशातून आलेला अभय आणि गावातच राहिलेला पराग हे दोन चुलतभाऊ समोरासमोर येतात. गेलेल्याला राहिलेल्याशी बोलावं लागतं, आणि तेही दुष्काळानं सुकलेल्या जमिनीवर. मराठीत परतण्याची गोष्ट या संवादापर्यंत क्वचितच पोचली आहे. बहुतेक ठिकाणी परतलेला माणूस फक्त भिंतींशी बोलतो.

इथं चेखवची आठवण येते. १९०४ साली मॉस्कोत रंगमंचावर आलेलं 'चेरी ऑर्चर्ड' आणि एलकुंचवारांचं नाटक यांची तुलना अनेकांनी केली आहे. पॅरिसहून मालकीणबाई परत येतात, कर्जात बुडालेली बाग लिलावात जाते, आणि ती विकत घेतो लोपाखिन. त्याचे बाप-आजे त्याच इस्टेटीवर भूदास होते, त्यांना स्वयंपाकघरातही येऊ देत नसत. शेवटी सगळे निघून जातात, दारं बंद होतात, आणि म्हातारा नोकर फिर्स आत कोंडलेला राहतो. त्याला दवाखान्यात पाठवलं असेल असं प्रत्येकाला वाटलेलं असतं. घरातल्या कपाटाशी प्रेमानं बोलणारी माणसं तिथं आहेत, पण आयुष्यभर ज्यानं घर सांभाळलं तो माणूस त्यांच्या मोजणीत राहिला नाही.

आता नेमाडे. 'कोसला' १९६३ची. पांडुरंग सांगवीकर पुण्याहून सांगवीला परततो तो हात हलवत. वडिलांच्या पैशाचा हिशोब त्याच्या मानेवर बसलेला आहे. इथं परतणं म्हणजे हार आहे, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. पांडुरंग हळवा होऊन घराकडे बघत नाही. धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू त्या पुस्तकात आहे, आणि तो वाचल्यावर गावाकडच्या घराला नुसतं 'उबदार' म्हणणं जमत नाही. २०१०च्या 'हिंदू'त खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांसाठी मोरगावला येतो. पुरातत्त्वाचा विद्यार्थी स्वतःच्या घराचे थर उकलत बसतो. त्या कादंबरीत बायकांची दुःखं पुष्कळ आहेत. तरी आमची एक तक्रार उरते. उकलणारा हात मुलाचा आहे. घर कुणाचं, हे ठरवताना प्रश्न त्याच्यापुढे येतो, कारण वारस तो आहे.

वारस हा शब्द आला की साहित्यातून थोडं बाहेर जावंच लागतं. १९५६चा हिंदू वारसा कायदा काढून बघा. त्यात कलम २३ होतं. कुटुंब ज्या घरात राहतं त्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरवल्याशिवाय मुलीला मागता येत नव्हती. मुलीला त्या घरात राहायचा हक्क होता, पण कधी? ती अविवाहित असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, वेगळी राहत असेल किंवा विधवा असेल तर. म्हणजे मुलगा केव्हाही परत येऊ शकत होता. मुलीला परतायचं असेल तर आधी तिचा संसार मोडायला हवा होता. प्रभा १९८५ साली रंगमंचावर उभी होती ती या कायद्याखाली. १९९४ साली, नाट्यत्रयीचा सलग प्रयोग झाला त्याच वर्षी, महाराष्ट्रानं दुरुस्ती करून मुलींना जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ साली केंद्राची दुरुस्ती आली, कलम २३ गेलं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानंच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही.

कायदा बदलला. आणि आपण काय केलं? आपण हक्कसोडपत्र शोधून काढलं. सभागृहात बसलेल्यांपैकी किती घरांत बहिणीनं त्यावर सही केलेली आहे, हात वर करायला आम्ही सांगत नाही. सही करताना ती काय म्हणते हे सगळ्यांना ठाऊक आहे. माहेर तुटू नये, दिवाळीला भाऊबीज व्हावी, भावजयीनं दार उघडावं. म्हणजे परत येण्याची वाट मोकळी राहावी म्हणून ती घरावरचा हक्क सोडते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर, स्टॅम्पपेपरच्या टेबलाशी, बहीण ओढणीच्या टोकानं अंगठ्याची शाई पुसते आहे. परतण्यावरच्या मराठी साहित्यातला हा मोठा प्रसंग असायला हवा होता. भावाच्या आठवणीतल्या ओसरीवर ढीगभर पानं आहेत. या टेबलावर नाहीत.

आता घराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. वाडा ज्यांचा नव्हताच त्यांचं काय? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ला आलं. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. एकच माणूस दोन झालेला. गावातला महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना यांच्यामध्ये हे आयुष्य हेलकावतं. तिथं परत जाणं म्हणजे गावानं नेमून दिलेल्या जागेवर परत जाणं. 'वडिलोपार्जित' हा शब्द वाड्यावर भिंती, विहीर, आमराई घेऊन येतो. महारवाड्यात तोच शब्द येसकरीची पाळी आणि भाकरी मागणं घेऊन येतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयी विधेयक आणलं ते या वारशातून सुटका व्हावी म्हणून. ज्यांना पूर्वजांकडून राबणंच मिळालं त्यांनी गावाबद्दल हळवं व्हावं, अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

आणि हे लांबचं नाही. दसऱ्यानंतर गंगाखेड, पालम, जिंतूरच्या वाड्या-तांड्यांवर जाऊन बघा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं असतात, नाहीतर दारात म्हातारी आणि दोन नातवंडं. ही माणसं दर वर्षी घरी परततात, तेही पावसाळ्याच्या आत, कारण पेरणी असते आणि छप्पर शाकारायचं असतं. त्यांच्या परतण्यावर कुणी व्याख्यान ठेवत नाही.

गंगाखेडचं नाव निघालं तर जनाबाई आलीच. जन्म गंगाखेडचा, लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी. परंपरेत तिच्या घरी परतण्याची गोष्ट नाही. तिनं स्वतःची ओळख दिली ती नामदेवाच्या घरची दासी म्हणून. दळण, कांडण, झाडलोट, शेणी, पाणी, हे सगळं तिच्या अभंगांत आहे. परक्याच्या घरात राबणारी बाई, आणि त्या कामातच तिनं विठ्ठलाला हाताशी घेतलं. सातशे वर्षांपूर्वी घर कशानं चालतं हे तिला स्पष्ट दिसत होतं. आमच्या वाड्याच्या कादंबऱ्यांना ते अधूनमधूनच दिसतं.

आपल्या भागातल्या आजच्या लेखकांना मात्र ते दिसतं, हे सांगायला आनंद होतो. इंद्रजित भालेरावांच्या एका संग्रहाचं नाव 'दूर राहिला गाव' आहे, आणि दुसऱ्याचं 'आम्ही काबाडाचे धनी'. दोन्ही नावं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात गेलेल्या माणसाचं अंतर आहे, दुसऱ्यात राहिलेल्यांचं राबणं. धनी हा शब्द आहे, पण मालकी कशाची, तर काबाडाची. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा गावात राहिलेल्या माणसांबरोबर राहतात, बाहेरून येऊन हळहळत नाहीत.

आता आक्षेप. कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे काय हजेरीपट आहे? कुणी किती घमेली माती टाकली हे कवितेनं कशाला मोजायचं? आक्षेप योग्य आहे. परतलेल्या माणसाचं दुःखही खोटं नसतं. आम्हीही नोकऱ्या करून पैसे पाठवले, आजारपणं काढली, रात्रीच्या एसट्यांनी उभ्यानं प्रवास केले. शिवाय काही घरं कुणाच्या दुर्लक्षानं पडली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जड घरांवरचा मराठवाड्याचा विश्वासच उडाला. माणसं महिनोन्महिने अंगणात झोपली. ज्यांना जमलं त्यांनी माळवद उतरवून पत्रे घातले किंवा स्लॅब टाकला. अशा वेळी 'परंपरा मोडली' म्हणून गळा काढणं चुकीचं. जिवाला भिऊन घर बदललेल्या माणसाला जुन्या खांबांचं सौंदर्य समजावू नये.

म्हणून आमची मागणी हिशोबाची नाही, नजरेची आहे. लेखक परतलेल्या माणसाच्या डोळ्यांनी घर दाखवत असेल तर त्या डोळ्यांना काय दिसत नाही हेही त्याला ठाऊक असावं. 'वाडा चिरेबंदी' आजही टिकून आहे, कारण लेखकाची नजर सुधीरबरोबर आत येते, पण सुधीरपाशी थांबत नाही. ती चंदूच्या पायापर्यंत जाते. जिथं नजर दारातच थांबते तिथं उरतो तो अल्बम. देखणा असेल, पण घर त्याच्यात नसतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आमच्या वहिनी आता नाहीत. त्या गेल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात मधला खण बसला. आम्ही सगळे जमलो, हळहळलो, आणि बहिणीलाही बोलावलं, कारण जागा विकायची तर सही लागणार होती. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, सही करते. पण वहिनीचं नाव सात-बाराला, नमुना आठला, कुठंच कसं नाही रे?" आम्ही कागद चाळले. थोरल्या बंधूंच्या पश्चात वारस म्हणून त्यांचं नाव लावायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. ज्या घरावर आम्ही लेख लिहिले त्या घराच्या कुठल्याच कागदावर ते राखणारी बाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमच्या लेखांतही नव्हती.

ती सही अजून झालेली नाही. बहिणीचं म्हणणं, आधी बसलेल्या खणातली माती बाहेर काढा, तुळया बघा, मग बोलू. या उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत. ताडपत्री या वेळी आधीच घेऊन ठेवली आहे.

आता प्रश्न घेऊ. पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या ताईंचा, त्यांनी मघाशीच हात वर केला होता.